एका टाकीत किती टँग? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी खाऱ्या पाण्याची टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. त्यात दीड वर्षापासून एक यलो टँग मासा आहे, आणि सहा महिन्यांपूर्वी बोटभर लांबीचा ब्लू टँग आणला. दोघांचं छान जमतं. तीन आठवड्यांपूर्वी दुकानदाराने ‘टँग टँगबरोबर राहतात’ म्हणून पर्पल टँग दिला. सोडल्या सोडल्या यलो त्याच्यावर तुटून पडला. आता पर्पल पंपामागच्या कोपऱ्यात दडून असतो, पर फाटलेत, खायलाही बाहेर येत नाही. मला पुढे पावडर ब्लू टँगही घ्यायचा आहे. काय करावं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: आधी आजच करायचं काम सांगते. यलो टँगला बाजूला काढा. मार खाणाऱ्याला काढून, बरा करून पुन्हा सोडलं, तर यलोचा मुलूख शाबूतच असतो आणि पहिल्या दिवसाचा तमाशा पुन्हा होतो. भोकं असलेला अ‍ॅक्रिलिकचा डबा टाकीतच अडकवा आणि यलोला त्यात दहा-बारा दिवस ठेवा. त्याला जाळीने पकडू नका. टँगच्या शेपटीच्या देठाशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि मासा सोडवताना तुमची बोटंही कापतात. दिवे मालवल्यावर मोठ्या भांड्याने हाकत हाकत घ्या.

यलो डब्यात असेपर्यंत खडकांची मांडणी बदला. नुसती वरवर नाही, त्याची झोपायची कपार मोडेल इतकी बदला. तेवढ्या दिवसांत पर्पल खायला लागेल, टाकी ओळखेल. मग यलोला रात्री सोडा. सकाळी बाहेरून टाकीच्या एका काचेला आरसा टेकवून ठेवला, तर त्याचा बराचसा राग प्रतिबिंबावर निघतो.

हे सगळं करूनही माझं मत विचाराल तर तो पर्पल दुकानात परत करा, किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. यलो आणि पर्पल दोघेही झेब्रासोमा कुळीतले, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या एकाच गटातले. तीच ताटलीसारखी चपटी अंगकाठी, तेच पुढे आलेलं टोकदार तोंड, तीच खडकाच्या फटीतलं शेवाळ खुडायची सवय. समुद्रात यांची गाठच पडत नाही. यलो मुख्यतः हवाईचा, पर्पल तांबड्या समुद्राकडचा. पण टाकीत समोरच्याचा आकार आणि खाणं आपल्यासारखं दिसलं की तो यलोच्या लेखी कुरणातला वाटेकरी. उद्या पर्पल मोठा झाला की पारडं फिरेल, कारण जात्याच तो यलोपेक्षा तापट. तेव्हा मार खायची पाळी तुमच्या जुन्या माशावर येईल.

ब्लू टँगशी यलोचं का जमलं, तेही यातून कळतं. ब्लू टँग हा पॅराकँथुरस कुळीतला एकुलता एक. तो शेवाळ खातो, पण समुद्रात त्याचा बराच वेळ खडकाच्या वर, वाहत्या पाण्यातले सूक्ष्म जीव टिपण्यात जातो. यलोच्या कुरणात तो फारसा उतरत नाही. तिसरा टँग हवाच असेल तर कोल टँग घ्या. तो टेनोकीटस कुळीतला. त्याचे दात ब्रशच्या केसांसारखे लवचिक असतात. त्यांनी तो खडकावरचा आणि काचेवरचा बारीक थर, गाळ पुसून घेतो. लांब शेवाळाच्या वाटणीवरून त्याचा यलोशी सहसा वाद होत नाही. माझा नियम सोपा आहे: एका कुळीतला एकच, आणि शांत मासा आधी, तापट शेवटी. तुमच्याकडे यलो आधीच ठाण मांडून बसलाय, म्हणून कोललाही पहिले काही दिवस त्याच डब्यात ठेवून मगच सोडा.

पावडर ब्लूला मात्र तुमच्या टाकीत माझा स्पष्ट नकार. आपल्या हिंदी महासागरातला, लक्षद्वीपच्या प्रवाळातही दिसणारा हा मासा देखणा आहे, तुमचा मोह मला कळतो. पण तो दिवसभर लांब पल्ल्याने पोहतो, त्याला सहा फुटांच्या आत ठेवू नये. शिवाय सगळ्या टँगमध्ये व्हाइट स्पॉट हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्याला फार लवकर गाठतो. तुमच्या टाकीत आत्ताच मारामारी चालू आहे, आणि भेदरलेल्या माशाच्या अंगावर हा रोग हमखास उठतो. सोहाल टँग कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. तो फूटभराहून मोठा होतो आणि अख्खी टाकी आपली समजतो. ब्लू टँगसुद्धा वाढून फूटभर होतो, तेव्हा दोनेक वर्षांत मोठ्या टाकीची तयारी तुम्हाला करावीच लागेल.

व्हाइट स्पॉटबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण टँग पाळणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. खाऱ्या पाण्यातला हा परजीवी गोड्या पाण्यातल्यापेक्षा निराळा. अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे ठिपके येतात, चार दिवसांत जातात, आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. प्रत्यक्षात परजीवी अंगावरून उतरून वाळूत, खडकावर कोषात गेलेला असतो. कोष फुटले की पुन्हा हल्ला, आणि या वेळी कल्ल्यांवर. क्लीनर श्रिंप, म्हणजे माशांचं अंग साफ करणारी कोळंबी, ठेवून हा रोग बरा होत नाही. नवा मासा किमान चार आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवा, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे द्या. तांब्याचं औषध द्यायचं तर तिथेच, आणि रोज टेस्ट किटने मोजून. मुख्य टाकीत ते पडलं तर प्रवाळ आणि कोळंब्या मरतात. मुख्य टाकीत रोग शिरलाच, तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने माशांविना चालवावी लागते.

खाण्याकडेही बघा. अर्धपोटी टँग जास्त भांडतात. सुशीसाठी मिळते ती नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पापुद्रे, आणा, मीठ-तेल-मसाला नसलेली, आणि टाकीच्या दोन टोकांना दोन क्लिपांत लावा. एकच क्लिप लावली तर दांडगा तिथे पहारा देतो.

मांडणी बदलताना खडक कमी पडला म्हणून कुणी बेटांवरून प्रवाळाचा दगड आणून देतो म्हणाला, तर घेऊ नका. आपल्याकडचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडासुद्धा नको. कृत्रिम खडक चांगला चालतो, काही महिन्यांत त्यावर जीवाणू वसतात.

यलोला सोडल्यावर भांडण किती गंभीर आहे ते असं ओळखा. दोन टँग उलट तोंडं करून, अंगाला अंग लावून, पर ताणून उभे राहिले आणि नुसतं गोल फिरले, तर ती ताकदीची चाचपणी. राहू द्या. एकाने शेपटीचा झटका मारला आणि दुसऱ्याच्या अंगावर चाकूने ओढल्यासारखी पांढरी रेघ उमटली, तर त्याच दिवशी त्यांना वेगळं करा.

प्रश्न: रात्री दोन वाजता टाकीत बघितलं तर माझा यलो टँग फिका, मळकट झालेला आणि अंगावर पांढरा पट्टा. सकाळी पुन्हा पिवळाधमक. डॉक्टरकडे दाखवू का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: गरज नाही. झोपेतला त्याचा रंग तोच. रात्री टॉर्च मारून बघणं तेवढं बंद करा, तो दचकून खडकावर आपटतो.

प्रश्न: टाकी चार फुटी आहे. टँग घ्यायचाच आहे. कोणता? – एक वाचक, सांगली

उत्तर: एकच घ्या, आणि कोल घ्या. यलो घ्यायचा असेल तर टाकीत उपजलेला मिळतो का विचारा. यलोचं प्रजनन हवाईच्या ओशिॲनिक इन्स्टिट्यूटने 2015 मध्ये साधलं, ब्लू टँगचं फ्लोरिडा विद्यापीठाने 2016 मध्ये. तेव्हापासून अशी पिल्लं बाजारात यायला लागली. ती लहानपणापासून पेलेटवर, म्हणजे कोरड्या दाणेदार खाद्यावर, वाढलेली असतात, त्यामुळे खाण्याचे हाल होत नाहीत. सांगलीचा उन्हाळा लक्षात घेऊन पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरची सोय आधी करा. टँगना प्राणवायू भरपूर लागतो आणि पाणी तापलं की तो कमी होतो. वीज गेल्यावर चालेल असा बॅटरीवरचा एअर पंपही घेऊन ठेवा.