पुढच्या चाकाचं बेअरिंग घुंऽऽ आवाज करतंय. घरी बदलू की गॅरेजला देऊ?

आधी कुठलं गेलंय ते बघा. उजवीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा डावं, कारण भार तिकडे जातो.

हब असेंब्ली (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगसकटचा भाग) नुसती बोल्टवर बसणारी असेल तर घरी बिनधास्त करा. पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये (चाक धरून ठेवणारा धातूचा भाग) प्रेसने, म्हणजे दाबयंत्राने, बसवतात. तिथे हातोडा चालवू नका! दाब बाहेरच्या रिंगवरच हवा. आतल्या रिंगवर पडला तर गोळ्यांचे व्रण उमटतात आणि नवं बेअरिंगही गुणगुणायला लागतं. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बेअरिंगच्या चुंबकी सीलची बाजू चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच ठेवा.

मी असतो तर नकल घरी सोडवून प्रेसवाल्याकडे नेला असता. मजुरी बरीच वाचते. फक्त अॅक्सल नट (हबच्या मधोमधचा मोठा नट) टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) आवळा, अंदाजाने नाही.