शिवण-सल्ला : गोधडीचा गोट आणि मशीनचा बाइंडर

गोधडीला, दुपट्याला मशीनवर गोट, म्हणजे कडेभोवती दुमडून शिवायची कापडी पट्टी, लावण्याबद्दलच्या शंका या वेळी एकत्र घेतल्या आहेत. मापं इंचांत दिली आहेत. फोल्डर, म्हणजे पट्टी दुमडून सुईखाली सोडणारे पत्र्याचे साचे, मात्र बाजारात मिलिमीटरवर विकले जातात, म्हणून त्यांची मापं मिलिमीटरमध्ये.

प्रश्न : माझं मशीन जुनं, काळं, पायाने चालवायचं आहे. सुती साड्यांची आठ थरांची गोधडी शिवली. गोटासाठी स्क्रूने डावीकडे-उजवीकडे सरकणारा बाइंडर फूट, म्हणजे पट्टी दुमडून कडेला बसवणारा मशीनचा पाय, मागवला. तो मशीनला बसला, पण गोधडीची कड त्याच्या खाचेत जात नाही. दाबून घातली तर खालची पट्टी सुटते. फूट खराब आहे का? (भांडुप)

उत्तर : फूट चांगला आहे, पण तो गोधडीसाठी नाही. ब्लाउजचा गळा, झबल्याची बाही, ॲप्रनची कड अशा एक-दोन थरांच्या कापडासाठी तो बनवलेला असतो. त्याच्या पुढच्या भागात पत्र्याचे दोन वळवलेले ओठ असतात. पट्टी त्या वळणांतून जाताना दुमडली जाते आणि कापडाची कड दोन ओठांमधल्या फटीत सरकते. ही फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. तुमची कड दाबूनही तेवढी किंवा त्याहून जाड भरते, त्यामुळे ती फटीत अडते, मशीनचे सुईखालचे दाते गोधडी ओढत राहतात आणि पट्टी एकटीच पुढे निघून जाते. स्क्रू फिरवून फायदा नाही, कारण त्याने टीप कडेपासून किती आत पडेल एवढंच बदलतं, फट रुंदावत नाही. पेचकस घालून ओठ फाकवू तर मुळीच नका. एकदा फाकले की पट्टीच्या घड्या धरायला काही राहत नाही आणि ब्लाउजच्या कामालाही तो फूट निकामी होतो.

एवढ्या जाड गोधडीला गोट दोन टिपांत लावावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी गोधडीची कड पट्टीने आखून सरळ कापा आणि कडेपासून पाव इंचाच्या आतच, सगळीकडून लांब टाक्याची एक टीप मारून थर दाबून घ्या. ही टीप पुढे गोटाखाली झाकली जाते. तिचा आळस केला तर साड्यांचे थर एकमेकांवरून सरकतात आणि गोट कुठे फुगतो, कुठे रिकामा राहतो.

पट्टी अडीच इंच रुंद कापा आणि उभी दुमडून इस्त्री करा, म्हणजे सव्वा इंचाची दुहेरी पट्टी होईल. तिच्या उघड्या कडा गोधडीच्या मागच्या बाजूला कडेशी जुळवून पाव इंचावर टीप मारा. मग पट्टी पुढे वळवा, पहिली टीप झाकून एक-दोन मिलिमीटर पुढे जाईल इतकी ओढा, चिमटे लावा आणि पट्टीच्या घडीलगत वरून टीप मारा. मागून सुरुवात करण्याचं कारण असं की शेवटची टीप तुमच्या डोळ्यांसमोर पडते. पुढून सुरुवात केली तर तीच टीप मागे आंधळेपणाने पडते आणि चार जागी पट्टी निसटते. पट्टी पुढे वळवल्यावर पहिली टीप झाकली जात नसेल तर ओढाताण करू नका, पावणेतीन इंचाची पट्टी घ्या.

सुई १६ किंवा १८ नंबरची, चपट्या दांड्याची. टाके इंचाला आठ-नऊ. आणि फुटाच्या दांडीच्या डोक्यावरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करा. जाड थरांवर दाब जास्त राहिला की वरचा थर मागे रेटला जातो आणि कोपऱ्यापाशी अर्धा इंच कापड जास्त उरतं.

प्रश्न : मग वॉकिंग फूट घेतला तर काम सोपं होईल का? कुठला घ्यावा? (लालबाग)

उत्तर : होईल, पण आधी मशीनवर लावून बघता येत असेल तरच घ्या. या फुटाला स्वतःचे दाते असतात. खालचे दाते कापड ओढतात त्याच वेळी वरचे दातेही ओढतात, म्हणून थर सरकत नाहीत. त्याच्या बाजूचा दुबेळका (दोन फाट्यांची दांडी) सुई आवळायच्या स्क्रूवर बसला पाहिजे, कारण सुई वर-खाली होते तेव्हा त्या दुबेळक्यातूनच फुटाला चाल मिळते. दुबेळका स्क्रूखाली राहिला तर फूट नुसता दाबून बसतो.

फूट खाली टेकवून त्याच्या तळापासून स्क्रूपर्यंत उंची मोजा. साधारण पाऊण इंच आली तर लो शँक (आखूड दांडी), सव्वा इंचाच्या आसपास आली तर हाय शँक (उंच दांडी). घरगुती मशीन बहुतेक लो शँक असतात. जुन्या काळ्या मशीनची आणखी एक अडचण असते. त्यांचे खालचे दाते अरुंद आणि फुटाचे दाते एकमेकांपासून दूर, त्यामुळे वरचे दाते खालच्या दात्यांवर न येता पाट्यावर (सुईखालच्या सपाट पत्र्यावर) टेकतात आणि ओढ कमी पडते. म्हणून दुकानात जाताना जुना फूट आणि आपल्या गोधडीचा वीतभर तुकडा सोबत न्या. झिगझॅगच्या नव्या मशीनना ही अडचण सहसा येत नाही.

प्रश्न : आमचा बचत गट बाळाची दुपटी शिवतो. ३६ बाय ४५ इंच, दोन थर सुती कापड आणि मध्ये पातळ फ्लॅनेल. मोटरचं सिंगल नीडल मशीन आहे. फोल्डर लावला तर गोट एका टिपेत होतो असं ऐकलं. कोणता मागावा आणि तो बसवायचा कसा? (धारावी)

उत्तर : तुमचं काम फोल्डरला अगदी साजेसं आहे. माल पातळ, माप एकच, नग पुष्कळ. एकेक वेगळी गोधडी करणाऱ्यांनी फोल्डरच्या मागे लागू नये, पण तुम्ही जरूर घ्या.

दुकानात नुसतं 'पायपिंग फोल्डर' म्हणाल तर हाती काहीही येईल. तीन गोष्टी सांगा : दोन्ही कडा आत दुमडणारा हवा, तयार गोट १२ मिलिमीटरचा हवा आणि माल एवढा जाड आहे. माल म्हणजे दुपट्याचा तुकडा, तो हातात द्या. मग विचारा, या फोल्डरला पट्टी किती रुंद कापायची. दोन्ही कडा दुमडल्या की पट्टी तयार गोटाच्या चौपट लागते, म्हणजे १२ च्या गोटाला ४८ मिलिमीटर, आणि मालाच्या जाडीसाठी आणखी दोन-तीन. बहुतेक वेळा ५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन इंच. दुकानदार जे माप सांगेल तेच कापा. एखाद-दोन मिलिमीटरने अरुंद पट्टी गेली तरी कड सुटते, आणि रुंद गेली तर फोल्डरच्या तोंडाशी चुरगळते. पट्ट्या कात्रीने न कापता फिरत्या पात्याच्या कटरने आणि आखायची पट्टी धरून कापा.

फोल्डर पाट्यावर सुईच्या पुढे, स्क्रूने बसतो. जागेवरून बाजूला वळणारा घेतलात तर बॉबिन बदलायला आणि साधं शिवायला सोयीचं. पट्टी समोरून किंवा उजवीकडून आत जाते, दुपटं डाव्या बाजूला राहतं आणि त्याची कड फोल्डरच्या फटीत. फोल्डरचं मागचं तोंड फुटाच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या, फुटाला घासणार नाही एवढंच पाहा. अंतर वाढलं की घडी सुईखाली यायच्या आधीच उलगडते. मग उजवं-डावं जुळवा. सुई पट्टीच्या आतल्या घडीपासून दीड-दोन मिलिमीटर आत पडली पाहिजे.

आता दुपटं न घालता नुसती पट्टी सहा इंच शिवा आणि उलटून बघा. वरची-खालची दोन्ही घड्या टिपेत आल्या का? आल्या तरच तुकडा घालून बघा, आणि तोही जमला की मगच दुपटं. फोल्डरमध्ये खालची घडी वरच्यापेक्षा केसभर, एखादा मिलिमीटर रुंद पडेल असं जुळवून ठेवा. खालून टीप दिसत नसते, तेव्हा तेवढी सवलत हवीच.

तरीही खालची कड सुटली तर आधी कुठे सुटते ते बघा. पूर्ण लांबीत सुटत असेल तर पट्टी अरुंद आहे किंवा सुईची जागा चुकली आहे. मधूनच सुटत असेल तर दुपट्याची कड फटीत शेवटपर्यंत टेकत नाही, डाव्या हाताने सतत उजवीकडे लोटत राहा. फक्त पट्टीच्या जोडापाशी सुटत असेल तर जोडाची गाठ फोल्डरमध्ये अडते आहे. जोड तिरका, ४५ अंशांत घ्या, शिवण पाव इंच ठेवून दोन बाजूंना फाकवून इस्त्री करा, बाहेर डोकावणारे कान कापा. पट्टीला हलकी खळ दिली तर घड्या फार सुबक पडतात.

या मशीनवर फूट हाताच्या खिट्टीने पाच-सहा मिलिमीटर उचलतो, गुडघ्याने त्याच्या दुपटीहून जास्त. दुपट्याला एवढं पुष्कळ झालं. कापसाच्या रजया शिवायला घ्यायच्या ठरल्या तर मात्र वर-खाली दोन्हीकडून ओढणारं वॉकिंग फूटचं मशीनच बघावं लागेल. तिथे फोल्डरचा दोष नसतो, दाते कमी पडतात. आणि तुमच्यासारख्या कारखानी सिंगल नीडल मशीनला गोल दांड्याची सुई लागते, घरची चपटी सुई तिथे चालत नाही.

प्रश्न : फोल्डरने कोपरा कसा वळवायचा? आमचा नेहमी गोळा होतो. (दहिसर)

उत्तर : फोल्डर कोपरा स्वतः वळवत नाही. दोन वाटा आहेत. सोपी म्हणजे कोपरे गोल कापणे : जेवणाची ताटली ठेवून खुणा करा आणि पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी कापलेली, घ्या. आडव्या धाग्याची पट्टी गोलाईवर चुण्या धरते, उरेब पट्टी वळते. वळणावर दुपटं ओढू नका, फिरवत राहा.

चौकोनी कोपराच हवा असेल तर दुपट्याच्या टोकापर्यंत शिवा, दोन टाके उलटे घ्या, सुई आणि फूट वर करा, दोरा तोडा. फोल्डरमधून तीन-चार इंच पट्टी पुढे ओढून घ्या. टोकाशी पट्टीची ४५ अंशांची घडी पुढून आणि मागून हाताने बसवा, घडीची दोन्ही तोंडं विरुद्ध दिशांना ठेवा म्हणजे जाडी एका जागी साचणार नाही. टाचणी लावा, नवी बाजू फटीत सरकवा आणि घडीपासून टीप सुरू करा. एका कोपऱ्याला वेळ लागतो, तो लागू द्या.

दोन टिपांच्या पद्धतीत कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबा, टाका पक्का करा, दोरा तोडा. पट्टी कोपऱ्यावरून ४५ अंशांत वर दुमडा, मग सरळ खाली आणा, वरची घडी गोधडीच्या कडेशी जुळवा आणि कडेपासूनच पुढची टीप घ्या. कोपरा गोळा होतो तो बहुतेक वेळा पाव इंच आधी न थांबल्यामुळे.

प्रश्न : ६० बाय ९० च्या गोधडीला गोटासाठी किती कापड आणू? उरेबच कापायचं का? (परळ)

उत्तर : घेर ३०० इंच. जोड आणि कोपऱ्यांसाठी १२ धरा, ३१२ झाले. ४४ पन्ह्याच्या कापडात काठ सोडून ४२ इंच हाती येतात आणि तिरक्या जोडात दर पट्टीला अडीच इंच जातात, म्हणजे ३९-४० इंच धरा. अडीच इंचाच्या आठ पट्ट्या, वीस इंच कापड. कापड आटतं आणि दुकानातून येतानाच तिरकं फाडलेलं असतं, म्हणून ६० सेंटिमीटर आणा.

कडा सरळ असतील तर उरेबची गरज नाही, आडव्या पन्ह्यावर कापा. थोडा ताण धरते आणि कापड वाचतं. उरेब हवीच असेल तर ३० इंचांचा चौकोन घ्या. चौकोनाचं क्षेत्र ९००, भागिले अडीच, म्हणजे ३६० इंच पट्टी, आणि शिवणीत जाईल ते जाऊनही पुरते.

मुंबईत मंगळदास मार्केटात किंवा हिंदमाताला पॉपलिन किंवा केंब्रिक मागा. ब्लाउजचं रुबिया फार विरळ पडतं, गोट आधी झिजतो. सॅटिनची तयार पट्टी सुताच्या गोधडीला लावू नका, घसरते आणि धुतल्यावर सूत आटलं की लाटा येतात. लाल, मरून, गडद निळं कापड लावण्याआधी दोनदा धुऊन पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा.

प्रश्न : गोट लावल्यावर गोधडीच्या कडेला लाटा येतात. पट्टी तर सारखीच ओढली होती. (मुलुंड)

उत्तर : पट्टी ओढायचीच नसते, पण लाटांचं कारण वेगळं आहे. पट्टी ताणून लावली तर कड आत चुरते. लाटा येतात त्या गोधडीचीच कड ताणली गेल्यावर, आणि ती ताणली जाते फुटाच्या दाबाने किंवा गोधडी टेबलाखाली लोंबकळल्याने. गोधडीचं वजन मशीनच्या डाव्या बाजूला आणि मागे खुर्ची-टेबल लावून पेलून घ्या. आणि मोजून लावा : गोधडीची लांबी कडेला न मोजता मधोमध मोजा, पट्टीवर तेवढ्या अंतरावर खूण करा आणि खूण कोपऱ्याशी बसवा. कड जास्त निघाली तर ती पट्टीत हलके मुरवत न्या. लाटा आधीच आल्या असतील तर उसवा. इस्त्रीने जातील ही आशा धरू नका.

प्रश्न : पावसाळ्यात फोल्डर गंजला आणि आता पट्टीवर तपकिरी डाग पडतात. (गोरेगाव)

उत्तर : शून्य नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून आतली वळणं हलके घासा, मशीनचं तेल लावा, पुसा, मग टाकाऊ पट्टी दोन-तीन हात लांब त्यातून ओढा, डाग यायचे थांबेपर्यंत. वळणाच्या आत खरबरीत खड्डे पडले असतील तर नवा घ्या, कारण तिथे पट्टीचे धागे अडकतात आणि घडी वाकडी पडते. जून ते सप्टेंबर काम नसेल तेव्हा फोल्डर मशीनवरून काढून, तेलाचं बोट फिरवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुन्हा वापरायच्या आधी तेल पूर्ण पुसा, नाहीतर गंजाऐवजी तेलाचा डाग पडेल.