डिकन्सच्या जाडजूड कादंबऱ्या नकोत, पण त्याचं लंडन वाचायचंय. कुठून सुरुवात करू?

‘द अनकमर्शियल ट्रॅव्हलर’पासून. १८६० पासून डिकन्सने ‘ऑल द इयर राउंड’ या स्वतःच्या साप्ताहिकात हे लेख लिहिले. प्रत्येक लेख स्वतंत्र आहे, त्यामुळे क्रमाने वाचायची गरज नाही.

आधी ‘नाइट वॉक्स’ घ्या. झोप येईना म्हणून तो रात्रभर लंडनमध्ये पायी भटकायचा. वॉटर्लू पूल, न्यूगेटचा तुरुंग, बेथलेम वेड्यांचं रुग्णालय, पहाटेचा कॉव्हेंट गार्डनचा बाजार. बेघर माणसाला रात्र किती लांब वाटते, हे इतक्या आतून क्वचितच कुणी लिहिलं असेल.

आपल्यासाठी खास लेख म्हणजे ‘द ग्रेट टास्मानियाज कार्गो’. १८५७ च्या उठावानंतर ईस्ट इंडिया कंपनीची फौज राणीकडे गेली आणि बरेच गोरे सैनिक सेवा सोडून परतले. ‘ग्रेट टास्मानिया’ या जहाजावर सडकं अन्न खाऊन आणि स्कर्व्ही या आजाराने खंगलेले हे सैनिक डिकन्सला लिव्हरपूलच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहात, भेटले. तिथे त्याचा संताप अक्षरशः उसळतो. मला तरी हा संग्रहातला सर्वांत धारदार लेख वाटतो.

‘स्केचेस बाय बॉझ’ (१८३६) हे त्याचं आधीचं पुस्तक नंतर वाचलंत तरी चालेल. ते चुरचुरीत आहे, पण तेव्हा तो अगदी तरुण होता.