वाचकांचे प्रश्न : मदरबोर्ड, स्टँडऑफ आणि आटे

प्रश्न : जुना मायक्रो-एटीएक्स बोर्ड काढून त्याच कॅबिनेटमध्ये नवा एटीएक्स बोर्ड बसवला. बटण दाबलं की पंखे क्षणभर फिरतात आणि सगळं बंद पडतं. तोच बोर्ड बाहेर पुठ्ठ्यावर ठेवला की नीट चालतो. बोर्डातच दोष आहे का?

उत्तर : बाहेर चालतो म्हणजे बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. आधी त्याच्याखाली बघा. ही बोर्डांच्या आकारांची नावं आहेत : मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमी, एटीएक्स ३०५ × २४४ मिमी. लहान बोर्डाच्या तळाच्या ओळीतली भोकं जिथे येतात, तिथे मोठ्या बोर्डाला भोकंच नसतात. जुन्या बोर्डासाठी लावलेले ते पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारे, स्क्रू बसणारे छोटे खांब) तसेच राहिले असतील, तर त्यांची टोकं आता बोर्डाच्या पाठीवरच्या डाखांना टेकत असणार. शॉर्ट झालं की पॉवर सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहू नका.

बोर्ड काढा, कॅबिनेट आडवं करा. बोर्ड पत्र्यावर अलगद धरून भोकं मोजा (पूर्ण रुंदीच्या एटीएक्सला साधारण ९) आणि तेवढेच स्टँडऑफ, नेमके त्याच जागी लावा. एखादा कमी पडला तर बोर्ड तिथे लवतो, त्यावर वेळ मारून नेता येते. एक जास्तीचा मात्र अजिबात चालत नाही. काही कॅबिनेटमध्ये मधल्या स्टँडऑफला आटे नसतात, नुसती खुंटी असते. ती बोर्ड जागेवर धरायला असते, तिथे स्क्रू शोधत बसू नका.

परत बसवताना मागची आयओ शील्ड (पोर्टांभोवतीची पातळ पत्र्याची चौकट) सुटी असेल तर ती आधी, चारही कोपरे ‘टक्’ वाजेपर्यंत दाबून. प्रोसेसरची ८ पिनची वायरही आधीच वरच्या कोपऱ्यातून ओढून ठेवा, नंतर तिथे बोट शिरत नाही. बोर्ड तिरका धरून पोर्टची बाजू प्रथम शील्डमध्ये सरकवा. शील्डच्या पातळ पत्र्याची जीभ वाकून यूएसबी किंवा लॅनच्या पोर्टात घुसली नाही ना, हे मागून बघा. ही चूक फार होते. शील्डच्या स्प्रिंगा बोर्डाला पुढे ढकलतात, त्यामुळे भोकं थोडी हुकलेली दिसतात. बोर्ड मागे रेटून धरा आणि मधला स्क्रू (तिथे खुंटी नसेल तर) पहिला लावा. सगळे स्क्रू आधी सैल, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. स्क्रू टेकला की अगदी थोडा पीळ पुरे.

प्रश्न : स्क्रू काढताना स्टँडऑफच सोबत फिरून बाहेर येतो. दोन स्क्रू तर नुसतेच फिरतात, घट्ट होत नाहीत. असं का?

उत्तर : दोन वेगळी दुखणी आहेत. स्टँडऑफ पत्र्यात हातानेच लावला असेल तर स्क्रूची पकड जास्त ठरते आणि तो स्क्रूबरोबर निघतो. बोर्डाखाली पक्कड घालणं धोक्याचं, म्हणून उरलेले स्क्रू काढा, बोर्ड त्या स्टँडऑफसकट उचला आणि बाहेर सोडवा. परत लावताना पान्याने किंवा नाकाडी पक्कडीने कसा. पितळ मऊ असतं, जोर बेताने.

नुसते फिरणारे स्क्रू बहुधा चुकीच्या आट्यांचे आहेत. कॅबिनेटच्या पुडीत दोन जाती असतात : एम३, म्हणजे ३ मिमी जाडीचा, बारीक आट्यांचा, आणि ६-३२, म्हणजे सुमारे साडेतीन मिमीचा, मोठ्या आट्यांचा. ६-३२च्या भोकात एम३ गेला तर तो धरतच नाही. उलट केलं तर दोनेक फेऱ्यांत अडतो, आणि रेटलात तर आटे मरतात. मग स्टँडऑफ बदलण्यावाचून इलाज नाही. बोर्ड लावण्याआधी प्रत्येक स्टँडऑफमध्ये स्क्रू बोटांनी फिरवून बघितला तर हे सगळं टळतं.

प्रश्न : स्क्रूखाली कागदी वॉशर लावावेत का?

उत्तर : गरज नाही. भोकाभोवतीचं धातूचं कडं बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेलं असतं. स्क्रूचा त्याला स्पर्श व्हावा अशीच ती रचना असते. कड्याबाहेर पसरणारं मोठं डोकं तेवढं टाळा.

आणि तुमचा बोर्ड अरुंद असेल, उजव्या कडेला भोकं नसतील, तर ती कड अधांतरी राहते. बोर्डाला वीज देणारा २४ पिनचा कनेक्टर नेमका तिथेच असतो. तो दाबताना दुसऱ्या हाताची बोटं खालून बोर्डाच्या कडेला टेकवा.