'रॅव्हनस' हा शब्द 'रेव्हन' पक्ष्यावरून आला आहे का?

नाही. पण तुमची शंका रास्त आहे. 'रॅव्हनस' म्हणजे भुकेने वखवखलेला, आणि 'रेव्हन' म्हणजे आपल्या डोमकावळ्यासारखा काळाकुट्ट पक्षी, तोही मेलेल्या जनावरांवर ताव मारणारा. त्यात स्पेलिंगमधली पहिली पाच अक्षरं तीच. संशय आला नाही तरच नवल.

घराणी मात्र वेगळी. पक्ष्याचं नाव अस्सल जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या मूळ भाषाकुळातलं. जुन्या इंग्रजीत ते 'ह्रॅफ्न' होतं, सुरुवातीच्या 'ह'सकट. बहुधा त्याच्या घोगऱ्या ओरडण्यावरूनच पडलेलं. 'रॅव्हनस' आला फ्रेंचमधून. लॅटिनमध्ये 'रापेरे' म्हणजे हिसकावून घेणं आणि 'रापिना' म्हणजे लूट. स्वरांच्या मधे सापडलेला लॅटिन 'प' फ्रेंचमध्ये 'व्ह' होऊन बसतो: 'रिपा' (नदीकाठ) चं 'रीव्ह' झालं, तसं 'रापिना'चं 'राव्हीन'. त्यामुळे 14व्या शतकाच्या अखेरीस त्यातून घडलेला 'रॅव्हनस' इंग्रजीत आला तो 'लुटारू' या अर्थाने. भूक त्याला चिकटली पुढच्या शतकात, हिंस्र जनावरांमुळे. लांडगा झडप घालतो ती पोटासाठीच ना!

मला सगळ्यात आवडतो तो 14व्या शतकातल्या इंग्रज कवी चॉसरचा पुरावा. त्याच्या 'पार्लमेंट ऑफ फाउल्स' या कवितेत पक्ष्यांची सभा भरते. सर्वांत उंच जागी बसतात 'फाउल्स ऑफ रॅव्हिन' ('रॅव्हिन' म्हणजे तेच फ्रेंच 'राव्हीन'), म्हणजे शिकारी पक्षी: गरुड, ससाणा वगैरे बडी मंडळी. आणि रेव्हन? तो त्यांच्यात नाहीच. त्याचं नाव पुढे, कावळ्याच्या शेजारी येतं, तेही 'शहाणा' असं विशेषण लावून.

'रॅपिड' आणि 'रॅप्चर' हेही 'रापेरे'च्याच पोटचे. घळीला 'रॅव्हीन' म्हणतात तेही तिथूनच. पाण्याच्या लोंढ्याने जमीन ओरबाडून नेलेली असते.

गोंधळात भर म्हणून 'अधाशासारखं खाणं' या अर्थाचं एक क्रियापदही आहे आणि त्याचं स्पेलिंग हुबेहूब पक्ष्याचंच. उच्चार तेवढा 'रॅव्हन'. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये मेंढराच्या वेशातल्या लांडग्यांना 'रॅव्हनिंग' म्हटलंय, ते या क्रियापदावरून.

आणि वापरणार असाल तर 'व्हेरी रॅव्हनस' म्हणू नका, 'खूप' त्यातच आलं. जोर द्यायचाच तर 'अ‍ॅब्सोल्यूटली' लावा.