मानसशास्त्रात एम.ए. झालंय, मुलांवर काम करायचंय, तर पीएचडी कुठल्या विभागातून करू?

आधी प्रश्न ठरवा, विभाग त्यातून ठरतो. मूल वाचायला कसं शिकतं, वर्गात कुठे अडतं, हे शोधायचं असेल तर शिक्षणशास्त्र किंवा मानसशास्त्र. घर, पोषण, अंगणवाडी यांसकट अख्खं मूल बघायचं असेल तर मानव विकास विभाग. तो बऱ्याच ठिकाणी गृहविज्ञानाखाली असतो, म्हणून लोकांच्या नजरेतून सुटतो. मुंबईत एसएनडीटी (फक्त महिलांसाठी), बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ बघा. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतही शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि गृहविज्ञान हे वेगवेगळे विषय आहेत; मानव विकास तिथे गृहविज्ञानात येतो.

यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या एम.ए.ला 55 टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना 5 टक्के सूट. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिलांना दोन वर्षं जास्तीची मुदतवाढ मिळू शकते.

अर्ज करण्याआधी महिनाभर तरी एखाद्या अंगणवाडीत रोज जाऊन बसा, हे मी अगदी कळकळीने सांगते. मी बसले होते. चार वर्षांची एक मुलगी चिंचोके मोजताना सातनंतर अडायची. पण खाऊ वाटताना अकरा मुलांना एकेक लाडू बिनचूक द्यायची, एकही उरायचा नाही की कमी पडायचा नाही. ‘तिला मोजता येतं का?’ एवढ्या एका प्रश्नात माझा विषय सापडला. मार्गदर्शकांना भेटायला जाताना असंच काहीतरी डोळ्यांनी पाहिलेलं वहीत लिहून न्या.