महिला आरक्षणानं राजकारणात खरंच काही बदललं का, की सगळीकडे सरपंचपतीच कारभार बघतो?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा वॉर्ड महिला राखीव निघालाय, पॅनलवाले वहिनींच्या मागे लागलेत, आणि घरात सगळे म्हणतायत की सही वहिनी करतील, बाकीचं दादा बघेल. हे वाचलं आणि उत्तर लिहायलाच बसले, कारण हेच वाक्य 1997 साली आमच्या ओट्यावर मी ऐकलंय. तेव्हा मी नववीत होते आणि उभी राहणार होती ती माझी आई.

आधी सरळ उत्तर देते. सरपंचपती आहे, भरपूर ठिकाणी आहे. पण तो कायमचा नसतो. बाई पहिलं वर्ष-दीड वर्ष नवऱ्याच्या सांगण्यावर चालते, मग तिला कळायला लागतं, आणि जेव्हा ती खरी तयार होते तेव्हा मुदत संपते, आरक्षण दुसरीकडे जातं आणि तिला घरी बसवतात. माझा राग या शेवटच्या गोष्टीवर आहे, आणि त्यावर फार कोणी बोलत नाही.

आम्ही चोपडा तालुक्यातले, जिल्हा जळगाव. आई चौथी शिकलेली. सरपंचपद महिला राखीव निघालं तेव्हा नानांनी (माझे वडील) तिला विचारलं पण नव्हतं, फॉर्म भरून आल्यावर सांगितलं. पहिले काही महिने ग्रामसेवक भाऊसाहेब संध्याकाळी घरी यायचे, ओट्यावर रजिस्टर उघडायचे, नाना बोट ठेवायचे आणि आई चुलीपासून उठून पदराला हात पुसून सही करायची. प्रोसिडिंग बुकात खाली सह्या आधी व्हायच्या आणि ठराव नंतर लिहिला जायचा, हे मी डोळ्यानं बघितलंय. मासिक सभेला ती जायची, पण खुर्चीवर बसायचीच नाही, सतरंजीवर बसायची कारण समोर चुलत सासरे सदस्य म्हणून बसलेले असायचे.

मग एकदा पाण्याच्या मोटारीचं बिल आलं. चार महिन्यात तिसऱ्यांदा रिवाइंडिंग, म्हणजे मोटारीतली जळालेली तार काढून नवी भरणं. चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागायच्या, म्हणून चेकबुक घरी आलं. आणि त्या वेळी आमच्या गल्लीत अकरा दिवस नळाला पाणी नव्हतं, आई स्वतः दोन हंडे घेऊन शेतातल्या विहिरीवर जात होती. तिनं पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. म्हणाली, "भाऊ, पानी कोठे शे?" आणि पुढं जे विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली जळालेली तार दाखवा. आमच्या विहिरीवरची मोटार दोनदा जळाली होती, दोन्ही वेळेस नानांनी आतली जुनी तांब्याची तार दुकानातून परत आणून भंगारात विकली होती, तांब्याला भाव असतो, कोणी सोडत नाही. म्हणजे तीन वेळा मोटार भरली तर तीन वेळची तार ग्रामपंचायतीत असायला पाहिजे. ती कुठंच नव्हती. चेक तसाच परत गेला. हे तिला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं, शेतकऱ्याच्या घरातल्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं, फक्त तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतर नाना पंधरा दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत, आणि सहा महिन्यात अविश्वास ठराव आला. एका मतानं वाचली. पण तिथून पुढं रजिस्टर घरी येणं बंद झालं, ती ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसून वाचून सही करायला लागली, न कळलेला शब्द मला रात्री विचारायची. 'सूचक', 'अनुमोदक', 'प्रशासकीय मान्यता', हे सगळे शब्द मी नववी-दहावीत आईमुळे शिकले.

आता तुम्ही म्हणाल ही एका घरातली गोष्ट झाली. म्हणून थोडं मागचं सांगते, पण आमच्याच जिल्ह्याच्या आसपासचं, कारण तेच मला नीट माहितीये.

बायकांना मताचा हक्क मुंबई प्रांतात 1921 सालीच मिळाला होता, पण तेव्हा मालमत्तेची अट होती त्यामुळे मूठभर श्रीमंत घरातल्या बायकांपुरता. सगळ्यांना मत आलं ते राज्यघटनेबरोबर. घटना समितीत 15 बायका होत्या आणि त्यातल्या हंसाबेन मेहता, रेणुका राय यांनी तर आम्हाला राखीव जागा नकोत, बरोबरीनं वागवा असंच म्हटलं होतं. त्यांचा स्वाभिमान समजतो मला, पण बरोबरी काही आपोआप आली नाही. 1962 साली प्रतिभा पाटील जळगावातून आमदार झाल्या तेव्हा त्या 27 वर्षांच्या होत्या, नंतर एदलाबादमधून (आताचं मुक्ताईनगर) सलग निवडून आल्या आणि 2007 ला राष्ट्रपती झाल्या. आमच्याकडं त्यांचं नाव अभिमानानं घेतात. पण त्या सगळ्या वर्षांत आमच्या ग्रामपंचायतीत एखादी बाई असलीच तर ती नावापुरती, चहाला सुद्धा न बोलावलेली.

मुंबईत वेगळं चाललं होतं. 1972 ला महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी लाटणं घेऊन बायका रस्त्यावर आणल्या, रॉकेल-तेल-साखर हे विषय राजकारणाचे आहेत हे त्यांनी ठणकावून सांगितलं, आणि 1977 ला दोघीही लोकसभेत गेल्या. पाण्यासाठी भांडून मृणालताईंना लोक पाणीवाली बाई म्हणायला लागले. माझी आई मुंबईला कधी गेली नव्हती, पण तिचं भांडण पण पाण्यावरूनच सुरू झालं हे मला नेहमी आठवतं.

खेड्यातल्या बायकांसाठी खरी कलाटणी म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं चांदवड. नोव्हेंबर 1986, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन, लाखानं बायका आल्या होत्या. आई गेली होती, ट्रकमधून, फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून, मला आजीकडं ठेवून. तिला भाषणं फारशी आठवत नव्हती, पण इतक्या बायका एका जागी आणि कोणाच्याच डोक्यावर लग्नातली मानपानाची कटकट नाही, एवढं ती सारखी सांगायची. तिथंच ठरलं होतं की जिल्हा परिषद-पंचायत समितीच्या जागांवर बायकाच उभ्या करायच्या. तीस-तेहतीस टक्के पण नाही, सगळ्याच. आणि 1989 ला आमच्या तालुक्यातल्या विटनेर गावानं ते ग्रामपंचायतीत करून दाखवलं, सगळ्याच्या सगळ्या सदस्य बायका निवडून आल्या. नंतर लक्ष्मीमुक्ती आली, म्हणजे नवऱ्यानं स्वतःहून थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची, गावातल्या शंभर घरांनी केली की ते लक्ष्मीमुक्ती गाव. विटनेर त्यात पण पुढं होतं. हे सगळं 73 व्या घटनादुरुस्तीच्या (जिनं देशभर पंचायतीत बायकांना राखीव जागा दिल्या) आधीचं आहे हे लक्षात घ्या. आरक्षण दिल्लीनं वरून टाकलं असं म्हणणाऱ्यांना मी विटनेरचं नाव सांगते.

महाराष्ट्रानं 1990 ला स्थानिक संस्थांत 30 टक्के जागा दिल्या, मग केंद्राची घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू होऊन एक तृतीयांश झाल्या, आणि 2011 ला राज्यानं त्या निम्म्या केल्या.

आता त्या शेवटच्या गोष्टीकडं येते.

आमच्याकडं राखीव जागा दर निवडणुकीला फिरते. सोडत निघते, चिठ्ठी निघते, आणि ज्या वॉर्डात बाईनं पाच वर्षं काम केलं तो वॉर्ड खुला होतो. कायद्यानं खुल्या जागेवर बाई उभी राहू शकते, त्यात काहीच अडचण नाही. पण गावात 'जनरल' या शब्दाचा अर्थ 'पुरुषांची' असाच घेतात. 2002 ला आईला परत उभं राहायचं होतं, या वेळी तिनं स्वतः म्हटलं होतं, आणि पॅनलमधले लोक घरी येऊन नानांना (तिला नाही) म्हणाले की आता जनरल आहे, वहिनींनी कशाला तसदी घ्यायची. तिनं भांडून बघितलं. तिकीट नाही मिळालं, अपक्ष उभं राहायला पैसे नव्हते. मोटारीच्या तारेचा हिशोब मागणारी बाई परत भाकऱ्या थापायला बसली, आणि ग्रामपंचायतीत नवीन राखीव वॉर्डातून एक नवीन बाई आली जिला परत पहिल्यापासून सगळं शिकायचं होतं. तिच्याही घरी रजिस्टर ओट्यावरच जात होतं.

मला सांगा, पुरुषाला कोण म्हणतं की एकदा झालं, आता बस? आमदार चार-चार टर्म करतात तेव्हा त्यांचा अनुभव मोठा म्हणतात. तामिळनाडूत पंचायतीचं आरक्षण दोन टर्म म्हणजे दहा वर्षं एका जागी ठेवतात, तसं आपल्याकडं का नको, हे मी प्रत्येकाला विचारते.

आणि बाई शिकली, स्वतःच्या डोक्यानं चालायला लागली की विरोध कसा येतो ते बघायचं असेल तर आमच्याच जिल्ह्यातलं विचखेडा बघा. तिथल्या निवडून आलेल्या महिला सरपंचाला सरकारी जागेवर बांधलेल्या सासूच्या घरात राहते असं कारण देऊन अपात्र ठरवलं, ती सांगत होती की मी वेगळी भाड्याच्या घरात राहते. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, 2024 ला कोर्टानं अपात्रतेचा आदेश रद्द केला आणि गावकऱ्यांना बाई सरपंच आहे हेच पचलेलं नाही असं स्पष्ट म्हटलं. एका सरपंचाला आपल्या खुर्चीसाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं, सगळ्याजणींना हे कसं परवडणार.

वरच्या पातळीवरचं पण थोडं सांगते. 2024 च्या लोकसभेत देशभरातून 543 पैकी 74 बायका निवडून आल्या, 2019 ला 78 होत्या, म्हणजे उलट कमी झाल्या. महाराष्ट्राच्या 48 पैकी 7. त्यातल्या दोन आमच्या जिल्ह्यातल्या, रावेरला रक्षा खडसे आणि जळगावला स्मिता वाघ. रक्षाताईंबद्दल लोक लगेच म्हणतात घराणं आहे, आणि आहेच. पण त्यांची सुरुवात कोथळी गावच्या सरपंचपदापासून झाली, मग जिल्हा परिषद, मग 2014 पासून खासदार. घराण्यामुळं त्यांना दुसरी, तिसरी संधी मिळाली. माझ्या आईला घराणं नव्हतं म्हणून मिळाली नाही. घराणेशाहीवर बोलताना हे पण बघितलं पाहिजे की साध्या घरातल्या बाईला टिकून राहण्यासाठी काय ठेवलंय आपण. महाराष्ट्राला तर अजून एकही महिला मुख्यमंत्री नाही, शेजारी गोव्यात शशिकला काकोडकर 1973 लाच झाल्या होत्या.

संसदेतल्या आरक्षणाचं विधेयक पहिल्यांदा 1996 ला आलं आणि मंजूर झालं 2023 ला, ते पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होईल असं लिहून. त्यात एक गोष्ट मात्र मला बरी वाटली, जागा दर निवडणुकीला न फिरता फेररचनेनंतर फिरणार आहेत, म्हणजे बाईला दुसऱ्यांदा त्याच मतदारसंघात उभं राहता येईल.

आता वहिनींचं. उभ्या राहू द्या, पण आधी त्यांना विचारा, आणि दादालाच सांगा की तू विचार. ओबीसीची जागा असेल तर जातीचे पुरावे माहेरचे लागतात, सासरचे चालत नाहीत, आणि लग्नाआधीचं नाव आणि आताचं नाव वेगळं असल्यानं छाननीत हमखास अडतं. म्हणून वहिनींच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, वहिनींचा स्वतःचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं गॅझेट आत्ताच काढून ठेवा, जात पडताळणीला वेळ लागतो. दोन मुलांची अट (सप्टेंबर 2001 नंतरच्या जन्मांसाठी) बघून घ्या. आणि निवडून आल्या की पहिल्या दिवसापासून मासिक सभेचा अजेंडा त्यांच्या हातात त्यांच्या नावानं येऊ द्या, दादाच्या व्हॉट्सॲपवर नको. प्रोसिडिंग बुकात ठराव पूर्ण लिहिल्याशिवाय सही करू नका म्हणावं, आणि पाच वर्षांनी जागा जनरल निघाली तर तेव्हा पॅनलवाल्यांशी भांडायला तुम्ही दीर म्हणून त्यांच्या बाजूनं उभे राहा. आमच्या घरात त्या वेळी कोणीच राहिलं नव्हतं.